सूर्य त्यांच्या पाठीशी, भिंत माझ्या पाठीशी: एका बॅकलाइट पोर्ट्रेटचं प्रकरण

एका व्हायोलिनवादिकेला एकल वादनाच्या कार्यक्रमाचं पोस्टर करायचं होतं. पोस्टर आडवं, डावा अर्धा भाग मजकुरासाठी मोकळा, उजवीकडे त्या आणि त्यांचं वाद्य. स्टुडिओतला फोटो त्यांना नको होता. "संध्याकाळचं ऊन केसांत अडकल्यासारखं दिसतं ना, तसं काहीतरी हवं," एवढीच मागणी. केस कुरळे, दाट, बरेचसे पिकलेले. कार्यक्रमाचा पोशाख काळा. बॅकलाइटसाठी, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या प्रकाशासाठी, याहून चांगलं साहित्य क्वचित मिळतं. पिकलेल्या केसातून ऊन आरपार येतं, आणि काळ्या कापडावर कडेची प्रकाशरेघ उठून दिसते.

याआधी एक प्रयत्न झालेला होता. त्यांच्या परिचयातल्या कुणीतरी त्याच मैदानात, साधारण त्याच वेळी, सूर्य पाठीमागे ठेवून फोटो काढले होते. ते मी आधी मागवून घेतले, कारण जमून न आलेल्या फोटोत जागेची बरीच माहिती असते. त्यांत दोन तऱ्हा होत्या. एकीत आकाश केशरी, देखणं, आणि चेहरा काळा ठिक्कर. दुसरीत चेहरा व्यवस्थित, पण आकाश पांढरंफटक आणि केसांची कड त्या पांढऱ्यात विरघळून गेलेली. काढणाऱ्याने एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वर-खाली करून पाहिलं होतं, आणि दर वेळी एक गोष्ट मिळवताना दुसरी हातची गेली होती.

कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. समोर माणूस आहे की आकाश, हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. जे दिसेल त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणायची, एवढंच त्याचं काम. फ्रेमचा मोठा भाग आकाशाने व्यापला की तो आकाशाला करडं करतो आणि चेहरा बुडतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजला, की चेहरा वर येतो आणि आकाश उडतं. फिल्मच्या काळात एक ठोकताळा सर्रास पाळला जायचा: जवळच्या माणसामागे ऊन असेल तर दोन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). त्याने चेहरा वाचतो. फोटो वाचेलच असं नाही.

कारण इथली अडचण एक्स्पोजरची नव्हतीच. केसांभोवतीची चमकती कड दिसायची तर तिच्यामागे तिच्यापेक्षा गडद काहीतरी लागतं. मावळतीच्या उघड्या आकाशासमोर माणूस उभा केला की कड आणि आकाश जवळजवळ सारखंच उजळ असतं. मग एक्स्पोजर कितीही फिरवा, नसलेला फरक त्यातून निघत नाही.

माझं म्हणणं या प्रकरणापुरतं एकच आहे, आणि जागा बघण्यापासून छपाईपर्यंतचे सगळे निर्णय त्यावरून घेतले. बॅकलाइटमध्ये सूर्य फक्त कड काढून देतो. बाकीचा फोटो दोन गोष्टींवर ठरतो: माणसाच्या पाठीमागे काय आहे, आणि फोटोग्राफरच्या पाठीमागे काय आहे. पहिलीमुळे कड दिसते, दुसरीमुळे चेहरा. सूर्य बघून जागा निवडणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या मागे वळून बघणारे फार थोडे.

जागा

मैदानाच्या पश्चिमेला दाट झाडांची एक रांग होती, सुमारे १० मीटर उंच. पूर्वेला एका जुन्या इमारतीची फिकट गिलाव्याची कोरी भिंत, १२ मीटर लांब आणि ४ मीटर उंच. खिडकी नाही, दार नाही. आधीचे फोटो या दोन्हींकडे दुर्लक्ष करून नैऋत्येच्या मोकळ्या बाजूला काढलेले होते, जिथे क्षितिजापर्यंत आकाशच आकाश. बघायला ती बाजू सर्वांत सुंदर होती, यात शंका नाही. डोळा उजेडातली प्रचंड तफावत सहज सांभाळून घेतो, म्हणून तिथे उभं राहिल्यावर सगळंच छान वाटतं.

संध्याकाळी झाडांची आपल्याकडची बाजू सावलीत असते. ती झाली गडद पार्श्वभूमी. समोरच्या भिंतीवर त्याच वेळी मावळतीचं थेट ऊन पडतं. तो झाला रिफ्लेक्टर, म्हणजे ऊन परत फेकणारा फलक, कुठल्याही फोटोग्राफरला उचलून नेता येणार नाही इतका मोठा. मधे वादिका, पाठ पश्चिमेला, तोंड भिंतीकडे. त्यांच्या आणि भिंतीच्या मधे मी.

आता प्रश्न वेळेचा. सूर्य झाडांच्या वर असेल तोवरच त्यांच्या केसांवर पडेल, आणि फ्रेममध्ये तर नुसती झाडं हवीत, आकाश नको. हे दोन्ही एकाच वेळी जमतं का, ते आधी कागदावर मांडून पाहिलं. वादिका झाडांपासून ६० मीटरवर उभ्या राहिल्या, तर डोळ्याच्या उंचीवरून झाडांचा शेंडा साधारण ८ अंशांवर येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स आडवी धरली की तिचा उभा दृष्टिकोन १६ अंशांचा, म्हणजे मध्यापासून वर ८ अंश. कॅमेरा सरळ धरला की फ्रेमची वरची कड झाडांच्या शेंड्याला येऊन टेकते. किंचित खाली कलवला की आकाश पूर्ण बाहेर. आणि सूर्य ८ ते १२ अंशांच्या दरम्यान असताना तो फ्रेमच्या जरासा वर, झाडांच्याही वर. केसांवर ऊन, मागे सावली, कॅमेऱ्यात सूर्य नाही. अगदी हवं ते.

त्या वेळी तिथे सूर्य तासाला साधारण १४ अंश उतरत होता, म्हणजे हे ४ अंश सतरा-अठरा मिनिटांत संपणार होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे सूर्याची उंची यापेक्षा वेगाने कधीच घटत नाही. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका सूर्य तिरका आणि सावकाश उतरतो. सूर्याची जागा दाखवणारं ॲप हाताशी नसेल तर हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते, एवढं ध्यानात ठेवलं तरी भागतं. मूठभर उंचीवरचा सूर्य क्षितिजाला टेकायला किमान ४० मिनिटं लागतात.

चेहऱ्याचा उजेड

सतरा मिनिटांचा मुख्य भाग हाच, म्हणून यावर थोडं थांबते.

सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. माणूस चार पावलं पुढे सरकला काय, मागे सरकला काय, त्याच्या कडेवरच्या उन्हात काहीही फरक पडत नाही. भिंत मात्र जवळ आहे. तिच्यापासूनचं अंतर बदललं की चेहऱ्यावरचा उजेड लगेच बदलतो. म्हणजे माणसाला भिंतीच्या दिशेने पुढे-मागे करून कड आणि चेहरा यांचं प्रमाण हवं तसं लावता येतं. कॅमेऱ्यावरच्या कुठल्याही बटणाला हात लावावा लागत नाही. त्यांना भिंतीपासून ९ मीटरवर उभं केलं तेव्हा चेहरा कडेच्या मानाने जरा जास्तच अंधारात वाटला. त्यांना पुढे येऊ दिलं, ५ मीटरवर, तेव्हा चेहऱ्यावर एक स्टॉपहून थोडा अधिक उजेड आला आणि कड मात्र होती तशीच राहिली. ५ मीटरवर चेहरा फारच खुला झाला, सगळं काही दिसू लागलं आणि संध्याकाळ हरवली. शेवटी सातच्या आसपास थांबलो. माझं आणि त्यांचं अंतर ३ मीटर.

आकडे असे होते: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/२५० सेकंद. कडेवरचं ऊन चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉपहून वर. पूर्ण मॅन्युअल, कारण ऑटोवर ठेवलं असतं तर त्या जरा हलल्या आणि काळ्या कपड्याचा भाग वाढला की कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला वेगळा निर्णय घेतला असता. मीटरिंग चेहऱ्यावर, मग तिथून थोडं खाली. सावलीतला चेहरा सावलीतलाच वाटला पाहिजे. तो उन्हातल्यासारखा उजळ केला की मागून येणारा प्रकाश खोटा वाटायला लागतो.

चंदेरी रिफ्लेक्टर का नाही, असं मला विचारलं गेलं. तो सोबत होता. सहायकाने तो धरलाही. पण चंदेरी रिफ्लेक्टरने सूर्य थेट डोळ्यांत फेकला जातो, माणूस डोळे बारीक करतो, आणि तो बहुधा कमरेच्या खालून धरला जात असल्याने नाकाची सावली वर चढते. भिंत चेहऱ्याच्याच उंचीवर असते, १२ मीटर रुंद असते, तिच्याकडे कितीही वेळ शांतपणे बघता येतं. फिल फ्लॅशनेही काम झालं असतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशची सिंक गती, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० पाशी संपते, त्यापुढे हायस्पीड सिंक लावलं की ताकद घटते, आणि मुख्य म्हणजे हे सगळं जमवताना मिनिटं जातात. भिंत फुकट होती आणि तयार होती.

रंगाचाही फायदा झाला. उघड्या मैदानात सूर्याकडे पाठ केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून कड केशरी आणि त्वचा निळसर, थंड. भिंत मावळतीचंच ऊन परत पाठवत असल्याने चेहऱ्यालाही तीच ऊब मिळाली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, डेलाइटवर पक्का ठेवला. ऑटो व्हाइट बॅलन्स ती ऊब 'दुरुस्त' करायला बघतो.

भिंतीपुढे मी उभी, म्हणजे मीही त्या रिफ्लेक्टरचाच भाग. अशा कामाला मी फिकट शर्ट घालते. काळा घातला तर माणसाच्या बुबुळांत पांढऱ्या चौकटीच्या मधोमध एक काळं भोक दिसतं.

भिंतीचा एक त्रासही झाला. व्हायोलिनच्या व्हार्निशमध्ये ती सरळ उमटली. लाकडाचा तपकिरी रंग, त्यावरचे उभे तंतू, सगळं एका दुधट पट्ट्याखाली गेलं. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावता आला असता, पण तो दीड-दोन स्टॉप खातो आणि बुबुळांतली चमकही कमी करू शकतो. त्यांना म्हटलं, "वाद्याचं तोंड जरासं जमिनीकडे कलवाल का?" त्या म्हणाल्या, "वाजवताना मी असं कधीच धरणार नाही." बरोबरच होतं. वादकाच्या पोस्टरमध्ये वाद्य धरण्याची ढब चुकलेली दिसली तर इतर वादक आधी तीच चूक बघतात. मग वाद्याला न हलवता मी बाजूला सरकले, भिंतीचं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोनावर. तिथून सूर्य त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागे गेला, कड एका बाजूला जाड आणि दुसरीकडे केसांपुरती झाली. खरं तर दोन्हीकडून सारख्या असलेल्या कडेपेक्षा ही अधिक चांगली दिसली.

वाद्याची एक काळजी इथे सांगायला हवी. व्हायोलिनचे जोड प्राणिज सरसाने चिकटवलेले असतात, आणि उष्णतेने तो सरस मऊ पडतो. म्हणून प्रकाशाची जुळवाजुळव चालू असताना वाद्य पेटीत, सावलीत. चाचणीच्या फ्रेम्समध्ये त्यांच्या हातात नुसता धनू, म्हणजे वाजवायचा गज, होता.

काळ्या कापडावर इतकी तेजस्वी रेघ कशी, हा प्रश्न त्यांनीच स्क्रीन बघून विचारला. कोणत्याही पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरका, जितका घासून जातो, तितका तो पृष्ठभाग जास्त परावर्तन करतो. फ्रेनेलने १८२०च्या दशकात याचं गणित मांडलं. सूर्य जवळजवळ समोर असताना खांद्याच्या कडेवर प्रकाश असाच घासून येतो, आणि काळं कापडही तिथे उजळतं. ते परावर्तन कापडाच्या रंगाचं नसतं, सूर्याच्या रंगाचं असतं. म्हणून काळ्या कोटावर सोनेरी रेघ.

लेन्सवर पडणारा सूर्य

फ्रेममध्ये सूर्य नसला तरी लेन्सवर तो पडतच असतो. ८ अंशांच्या पलीकडे, १०-१२ अंशांवर असलेल्या सूर्याला हूड अडवू शकत नाही. हूड तेवढं लांब असतं तर फ्रेमचे कोपरे कापले गेले असते. आत शिरलेला प्रकाश भिंगांमध्ये इकडून तिकडे परावर्तित होतो आणि सगळ्या चित्रावर एक पांढुरका पडदा पसरतो. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधी कोटिंगचं पेटंट घेतलं आणि तिथून लेन्समधली भिंगं वाढवणं परवडू लागलं. आजच्या बहुस्तरीय कोटिंगमध्ये हे प्रमाण फार खाली आलेलं असलं तरी सूर्यापुढे उरलेला अंशही पुरेसा असतो.

म्हणून तीन गोष्टी केल्या. यूव्ही फिल्टर काढून टाकला, कारण त्याचे दोन सपाट पृष्ठभाग सूर्याची आणखी भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, तयार करतात. पुढचं भिंग स्वच्छ पुसलं. माणसावर समोरून ऊन असताना न दिसणारा बोटाचा ठसा बॅकलाइटमध्ये धुरकट डाग होऊन बसतो. आणि सहायकाला लेन्सच्या वर काळं कार्ड धरायला सांगितलं, अशा बेताने की कार्डाची सावली पुढच्या भिंगावर पडावी पण कार्ड फ्रेममध्ये येऊ नये. कार्ड असताना आणि नसताना काढलेल्या दोन फ्रेम्स शेजारी ठेवल्या तर एकाच क्षणाच्या वाटत नाहीत. एकीत झाडं खोल हिरवी-काळी, दुसरीत राखाडी.

ऑटोफोकसचंही तेच. पडदा पसरला की कॉन्ट्रास्ट जातो, डोळा शोधणारं आय-डिटेक्शन डोळा सोडून केसांच्या चमकत्या कडेवर किंवा धनूवर उडी मारतं. कार्ड आलं, फोकस जागेवर बसला. एफ/२.८ ला ३ मीटरवर फोकसमध्ये राहणारी खोली मिळते ती जेमतेम २० सेंटिमीटर. डोळे आणि व्हायोलिनची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही त्यात बसवायची तर फोकस जवळच्या डोळ्यावरच हवा.

हा पडदा, म्हणजे फ्लेअर, दोषच असतो असं मी मानत नाही. कार्ड थोडं हटवून, पडद्याचा हलका थर येऊ देऊन काही फ्रेम्स मुद्दाम घेतल्या, आणि त्यांतली ऊब खरोखर छान होती. पण पोस्टरवर त्याच झाडांवर अक्षरं बसणार होती. तिथे राखाडी नको होता.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नये, टेलिफोटो लेन्सने तर मुळीच नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्य फ्रेमजवळ असेल तेव्हा मी स्क्रीनवरच बघते, आणि कामातल्या प्रत्येकाला हे आधी सांगते.

राळेचा धूर

ठरलेल्या फ्रेम्स झाल्या होत्या, सूर्य झाडांच्या शेंड्यांपासून थोडाच वर होता, आणि त्यांनी पुढच्या तुकड्यासाठी धनूला रॉझिन लावायला घेतलं. रॉझिन म्हणजे राळ. धनूच्या केसांवर ती घासली नाही तर केस तारांवरून नुसते घसरतात, आवाज निघत नाही. त्या वडीवरून धनू एकदा खाली आला आणि त्यातून एक बारीक पांढरा धूर उठला, उन्हात चमकत हळूहळू खाली उतरला.

मला तो दिसला. सहायकही भिंतीच्या बाजूला, म्हणजे सूर्य समोर ठेवून उभा होता, त्यालाही दिसला. वादिकेला स्वतःला, सूर्याकडे पाठ असल्याने, काहीच दिसलं नाही. "कसला धूर?" त्यांनी विचारलं.

यामागे कारण आहे. हवेतले कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असले की ते प्रकाश सगळीकडे सारखा विखुरत नाहीत. बहुतेक पुढच्या दिशेने, प्रकाश जिकडे चालला होता तिकडेच, पाठवतात. गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोलाकार कणांसाठी हे गणिताने मांडून दाखवलं. त्यामुळे प्रकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्याला धूळ, धुकं, वाफ, पाऊस, फवारा ही सगळी झगमगताना दिसतात, आणि प्रकाशाकडे पाठ करून उभ्या असलेल्याला तीच हवा स्वच्छ वाटते. बॅकलाइटची सर्वांत मोठी श्रीमंती मला यात वाटते. कड तर मिळतेच, पण हवा दिसायला लागते. आणि इथेही अट तीच, मागे गडद हवं. आकाशासमोर तो धूर कुणालाही दिसला नसता.

वादिकेची एक रास्त हरकत होती. रॉझिन जास्त झालं की आवाज खरखरीत होतो, आणि भुकटी व्हार्निशवर राहिली तर कालांतराने व्हार्निश खराब करते. म्हणून तो फोटो सर्वांत शेवटी घ्यायचा, व्हायोलिन पेटीत ठेवून फक्त धनू आणि वडी हातात घ्यायची, असं ठरलं. शटर १/१००० वर नेलं, आयएसओ ४००. एक्स्पोजर तेच राहतं, धनूची हालचाल गोठते. मी जवळ गेले. धनूच्या शेवटाला घोड्याच्या शेपटीचे ते दीड-दोनशे केस, प्रत्येक वेगळा, आतून पेटल्यासारखा. त्यांच्या खाली अंगठ्याच्या नखाची कड गुलाबी, कारण तिथून ऊन आरपार येत होतं. आणि वडीच्या वर तो धूर, ज्यात मोठे कण ठिपक्यांसारखे सुटे दिसत होते आणि बारीक कणांचा नुसता पट्टा झाला होता. चेहरा मागे, फोकसबाहेर, ओळखू येईल इतपत.

पोस्टरला हा फोटो चालणार नव्हता, वाद्यच नव्हतं त्यात. पण त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला फोटो माझ्या मते हाच. कार्यक्रमपत्रिकेच्या आतल्या पानावर तो गेला.

सूर्य झाडांआड गेल्यावर

मुख्य वेळ संपली. पानांच्या फटींतून अधूनमधून सूर्य डोकावत होता, तेव्हा व्हायोलिनच्या वळलेल्या टोकाच्या कडेशी त्याला अर्धवट झाकून ताऱ्यासारख्या किरणांचा फोटो घेतला. एफ/१६ लागतं. किरणांची संख्या डायफ्रॅमच्या, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर ठरते: पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट, माझ्या लेन्सला ९ पाती, म्हणून १८ किरण. हे काम चिकाटीचं आहे. सूर्याचं बिंब सुमारे अर्ध्या अंशाचं, म्हणजे ३ मीटरवरच्या वस्तूपाशी ते पावणेतीन सेंटिमीटर भरतं. तेवढं डोकं हललं की सूर्य पूर्ण झाकलेला किंवा पूर्ण उघडा. शिवाय तो स्वतःही दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो. फोटो आला, देखणा आला, पण बघणाऱ्याची नजर ताऱ्यावर जाऊन बसते आणि माणूस दुय्यम होतो. मला तो पोस्टरसाठी नको होता, आणि त्यांनाही.

मग नैऋत्येची मोकळी बाजू, जी आधीच्या फोटोत होती. तिथे सिलुएट, म्हणजे नुसती काळी आकृती, जमतं. आकाश उजळ असणं इथे गैरसोयीचं नाही, उलट तेच हवं. सूर्याशेजारच्या आकाशावर मीटरिंग, एफ/८, १/५००, आयएसओ १००, आणि चेहऱ्याचा विचार सोडून द्यायचा. पण तपशील गेला की आकारच सगळं बोलतो, आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की चेहरा आणि वाद्य मिळून एकच गोळा होतो. उपाय त्यांच्या वादनातच होता. स्वरवाक्य संपलं की त्या धनू उचलायच्या आणि मान किंचित वर घ्यायच्या. त्या क्षणी हनुवटी सुटी होते, कोपर आणि धड यांच्यामधून आकाश दिसतं, धनूची रेघ मोकळी पडते. म्हणून "पोझ द्या" म्हणण्याऐवजी त्यांना तोच तुकडा परत परत वाजवायला सांगितला आणि शेवटच्या स्वराची वाट पाहिली.

निवड, सफाई, छपाई

पोस्टरसाठी झाडांसमोरचाच फोटो निवडला गेला: नजर तारांकडे, सूर्य डाव्या खांद्यामागे, डावीकडे गडद झाडांचा मोकळा पट्टा.

रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर, काम थोडंच लागलं. चेहरा जरासा उचलला, हायलाइट खाली आणले, झाडांतला काळा किंचित खोल केला. काळजी घेतली ती लाल चॅनेलची. उबदार उन्हाच्या कडेत लाल सगळ्यात आधी क्लिप होतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील गमावतो; एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) निर्धास्त दिसतो, पण लाल भरून वाहिलेला असतो, आणि केशरी कड पिवळी पडते. म्हणून आरजीबीचे तीन हिस्टोग्राम वेगवेगळे बघूनच एक्स्पोजर ठरवलेलं होतं. केसांच्या टोकांवर काही रेघा तरीही पूर्ण पांढऱ्या झाल्या. त्या तशाच ठेवल्या. केसाएवढ्या बारीक जागेत पांढरं जळणं डोळ्याला खटकत नाही. ते सावरायला हायलाइट आणखी ओढले की कड राखाडी, निर्जीव होते.

डिझायनरने पहिल्या मांडणीत मजकूर शुद्ध पांढरा घेतला होता, ठळक अक्षरांत. स्क्रीनवर वाचायला उत्तम. पण मग फोटोतली सर्वांत उजळ गोष्ट अक्षरं झाली आणि केसांतलं ऊन त्यांच्यापुढे मळकट दिसू लागलं. आकाशासमोर जे झालं होतं तेच, फक्त या वेळी फ्रेमच्या आत. मी डिझायनरला अक्षरांचा रंग चेहऱ्यावरच्या उजेडाइतका खाली आणायला सांगितलं, उबदार फिकट करड्याकडे. कार्यक्रमाचं नाव किंचित मोठं केलं, म्हणजे वाचनीयता गेली नाही.

कागद मॅट होता. मॅट कागदावर काळा ग्लॉसीइतका खोल उतरत नाही, आणि कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काही छापता येत नाही, म्हणजे कडेला मिळणारा फरक दोन्ही टोकांनी आक्रसतो. वर शाई पसरून झाडांतला तपशील बुजतो. पहिल्या प्रूफमध्ये (चाचणीच्या छपाईत) झाडं एक सपाट काळसर पट्टा झाली होती. सावल्या थोड्या उघडल्या, पण केसांच्या लगतचा भाग तेवढा गडद राहू दिला, आणि दुसरं प्रूफ पास केलं.